खंडेनवमीची डिस्क

१

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, मुहूर्त साधून, जळगावच्या तापीकाठ केळी उत्पादक सोसायटीत लताबाईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि गाडी तिथंच अडली: 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड.' लताबाईंनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ. चेअरमन पितांबरनाना फिरके पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभे होते, त्यांनी तो न सोडताच टेबलावर ठेवला.

"जुनी लावा परत," कोणीतरी म्हणालं.

आदल्याच दिवशी, खंडेनवमीला, यंत्रातली जुनी डिस्क काढून तिच्यातलं सगळं जसंच्या तसं एका नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवलं होतं आणि ती नवी डिस्क आत बसवली होती. जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवलेली होती. आता टेबलावर वर्तमानपत्र होतं, त्याची नीट चौकोनी घडी होती, आणि डिस्क नव्हती.

नवी कोरी आणि जुनी गायब, असा सगळ्यांनी अर्थ काढला.

नऊ वाजता धुळ्यात फोन खणखणला. आग्रा रोडवरच्या 'कुंदा कॉम्प्युटर्स'चा मालक अभिमन बोरसे तेव्हा शटरला झेंडूचं तोरण बांधत होता. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर, असा तीन पिढ्यांच्या यंत्रांवर पोट भरलेला चाळिशीचा माणूस. नानांनी सगळी हकीकत सांगून विचारलं, "डिस्क बसवणारा रुपचंद माळी तुमच्याच हाताखाली शिकला ना?"

"चार वर्षं," अभिमन म्हणाला.

"मग तुम्हीच या, आणि त्यानं काय करून ठेवलंय ते सांगा. चार वाजेपर्यंत थांबतो. मग पोलिसात लेखी देतो."

अभिमननं फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

अडीच वर्षांपूर्वी रुपचंद त्याचं दुकान सोडून जळगावला गेला आणि त्यानं स्वतःची पाटी लावली. तेव्हापासून अभिमनच्या पोटात जे दुखत होतं त्याला कुठल्या डॉक्टरकडे औषध नव्हतं. रुपचंदनं दुकानात पंखा बसवला म्हणे. रुपचंदनं मोटरसायकल घेतली म्हणे. दोघेही मूळचे सोनगीरचे, त्यामुळे गावी गेलं की लोक अभिमनलाच विचारायचे, "तुमचा तो रुपचंद काय म्हणतो?" जसं काही अभिमन स्वतः काही म्हणतच नव्हता. त्यातून या सोसायटीचं काम आधी अभिमननं मागितलं होतं. मिळालं रुपचंदला.

"तोंड कसलं एवढं फुललंय?" त्याच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, दुकानामागच्या घरातून विचारलं. "सोनं लुटायच्या आधीच मिळालं का?"

त्यानं सांगितलं. कुंदाबाईंचा कणीक मळणारा हात थांबला. "तो चोर नाही."

"तुला काय ठाऊक?"

"चार वर्षं माझ्या हातचं जेवला. दुधाचं भांडं लवंडलं तरी आधी येऊन सांगायचा. त्याला सोडवून आणा." मग त्यांनी नेहमीचा टोमणा जोडला, "बायकोला साडी घ्यायची सोडून जगातल्या एकूण एक डिस्कला तिचं नाव देत बसता, तर एकदा तिचं ऐकाही."

हे खरं होतं. डिस्क तयार केली की तिला एक नाव द्यावं लागतं, आणि अभिमन पहिल्यापासून शकुन म्हणून कुंदा हेच नाव द्यायचा.

त्याचे स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटे कालपासून पाटावर लाल कापडाखाली होते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की पूजा हलवेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नसतो. कुंदाबाईंनी अक्षता टाकून पूजा हलवली, तेव्हा कुठे त्याला पिशवी भरता आली. खिशात मात्र फ्लॉपी होतीच. कुठलंही मेलेलं यंत्र जागं करणारी ती फ्लॉपी तो देवाच्या अंगाऱ्यासारखी सतत जवळ बाळगायचा.

२

बस पारोळ्याला थांबली तोवर अभिमननं मनातल्या मनात रुपचंदची पाटी उतरवली होती, आणि एरंडोल येईपर्यंत त्याची मोटरसायकलही विकून टाकली होती.

सोसायटीचं ऑफिस मेहरूण तलावाच्या रस्त्यावर. एक मोठी खोली, मागे गोदाम. कॉम्प्युटरच्या कपाळाला कालचं कुंकू, गळ्यात सुकलेला हार. कोपऱ्यात पाट, त्यावर लाल कापडाखाली झाकलेला उंचवटा, वर झेंडूची फुलं. पडद्यावर अजून ती ओळ होती. अभिमननं ती वाचली आणि गप्प बसला. त्याला घाई नव्हती. अडीच वर्षांनी आलेला घास तो चावून चावून खाणार होता.

"आज दसऱ्याला नवं पाळीपत्रक छापून फळ्यावर लागतं," पितांबरनाना म्हणाले. धोतर, टोपी, आवाज हळू. पण सोसायटीचे सव्वादोनशे सभासद त्या हळू आवाजाला वचकून असत. "कोणाची केळी कोणत्या दिवशी कापायची, कोणाचा ट्रक आधी भरायचा, सगळं त्यात. आणि कोणाची बाग कधी तयार होते हे ज्या व्यापाऱ्याला आधी कळेल, तो आधी बांधावर जाऊन उभा राहील. आता समजलं का डिस्क कशासाठी गेली ते?"

"संशय कोणावर आहे?"

"रतिलालशेठ व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर पण रुपचंदच बघतो. आम्हाला कोरी डिस्क चिकटवली आणि भरलेली तिकडे नेली. त्याला गोदामात बसवलाय. यंत्राला हात लावू दिला नाही."

"त्याचं म्हणणं काय?"

"म्हणतो, पाच मिनिटं द्या, दुरुस्त करतो. चोराला किल्ली देऊ का?"

एकदा पोलिसात नाव गेलं की जळगाव जिल्ह्यात रुपचंदला कोणी यंत्राचं झाकण उघडू देणार नव्हतं. हे नानांना कळत होतं आणि अभिमनला त्याहून जास्त कळत होतं. त्यानं खुर्ची ओढली आणि आधी कारकुनाला बोलावलं.

तोतारामआबा भिरुड साठीचे. कॉम्प्युटर येण्याआधी बावीस वर्षं पाळीपत्रक त्यांच्या हातच्या वहीत होतं. तेव्हा शेतकरी बाहेरूनच हाक मारायचे, "आबा, आमची पाळी कधी?" आता लताबाईंना विचारतात.

"माझी वही कधी अडली नाही," आबा म्हणाले. "दौत सांडली, तरी दुसऱ्या पानावर लिहिलं."

"काल काय झालं?"

"सकाळी दहाला आला. दोन्ही डिस्का यंत्राला जोडल्या, नकल केली. साडेचारला झाकण लावलं. जुनी कागदात गुंडाळून इथं टेबलावर ठेवली. म्हणाला, आबा, सांभाळा. मी म्हटलं, मी काय तुझ्या यंत्राचा राखणदार आहे? नंतर पाहिलीच नाही."

"ती नाहीशी झाल्याचं तुम्हाला वाईट वाटलेलं दिसत नाही."

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "वाईट कशाला वाटेल? रातोरात लोकांनी मला विसरून जावं याचं कोणाला वाईट वाटलं होतं?"

अभिमनला वाटलं, हा माणूस बोलतोय की आपणच. चोरी करायला एवढं कारण कुणालाही पुरलं असतं.

३

लताबाई झोपे पंचविशीच्या, बोलायला चटपटीत. पण आज रडून डोळे सुजलेले. बटण त्यांनी दाबलं होतं म्हणून त्यांना वाटत होतं आपणच काही बिघडवलं.

"झाकण लावल्यावर रुपचंदनं यंत्र चालू करून पाहिलं होतं?" अभिमननं विचारलं.

"नाही ना. तो म्हणत होता एकदा बघू द्या. पण तोवर नाना पूजेला बसले होते. हार घातला, कुंकू लावलं. आबा म्हणाले, आता हत्याराला विश्रांती, उद्या मुहूर्तावरच हात लावायचा. त्यानं दोनदा विनवलं. मग नमस्कार करून गेला."

"जुनी डिस्क?"

"पूजेच्या गडबडीत लक्षच गेलं नाही. तीर्थ घेतलं आणि सगळे निघालो. कुलूप नानांनी लावलं."

अभिमननं टेबलावरचं वर्तमानपत्र हातात घेतलं. चार घड्या, कडा जुळवून, वरून हात फिरवलेला. चोर पुडकं उचलतो आणि चालू पडतो. पुडकं सोडून, कागदाची घडी घालून, ती जागच्या जागी ठेवून जाणारा चोर त्यानं अजून पाहिला नव्हता.

दाराशी बेबाबाई केरसुणी घेऊन उभी होती. झाडलोट, पाणी, पूजेची मांडामांड सगळं तिच्याकडे. कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सगळे कागद चौकोनी घडीचे होते, हेही अभिमनच्या नजरेतून सुटलं नाही. सकाळपासून सगळे मोठे लोक एकमेकांना विचारत होते. बेबाबाईला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"बेबाबाई, कालची पूजा तुम्हीच मांडली?"

"मंग कोन मांडीन भाऊ? दरसाल मीच मांडते. केळी कापाचे इळे, काटा, मापं, आबाची दौत, लताबाईचं ते कागदाले भोकं पाडाचं. जेवढे हत्यारं व्हते तेवढे सगळे मांडले, नवे बी अन् म्हातारे बी. म्हाताऱ्याले तं आधी कुकू लावा लागते. त्यानं जास्त दिवस राबलं न."

"आणि पूजा हलवणार कधी?"

"पाळी छापली का मंग नाना अक्षता टाकतीन. तवरी मी त्या कापडाले बोट बी लावत नही, अन् कोनाले लावू बी देत नही."

अभिमननं कोपऱ्यातल्या पाटाकडे एकदा पाहिलं, आणि मुद्दाम नजर दुसरीकडे वळवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आता एका वाक्यात रुपचंद निम्मा सुटला असता.

ते वाक्य त्यानं गिळलं आणि गोदामाकडे निघाला.

४

गोदामात केळीच्या सुकलेल्या पानांचा वास होता. रुपचंद एका उपड्या खोक्यावर बसला होता. थोडा सुटलाय, अभिमनच्या मनात आलं, पैशाचं अंग आहे. पण त्याला पाहून रुपचंद ज्या घाईनं उठून पाया पडला, ती सवय जुनीच होती.

"भाऊ, तुम्ही उनात?"

"नानांनी बलायं, म्हनीसन उनू," अभिमन कोरडेपणानं म्हणाला. अडीच वर्षांत पहिल्यांदा दोघं अहिराणीत बोलत होते, आणि त्याला ते नको इतकं सोपं गेलं. "बठ्ठं सांग. पहिलेपाईन."

रुपचंदनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानं नवी डिस्क दुसऱ्या नंबरवर जोडली, तिचा विभाग पाडला, तिला सिस्टिमसकट फॉर्मेट केलं, जुनीवरची एकूण एक फाईल उतरवली. दोन्हीकडच्या फायली मोजून पाहिल्या, आकडा जुळला. मग जुनी काढली, नवी पहिल्या नंबरवर लावली, झाकण घातलं.

"मंग?"

"मंग काय भाऊ, बठ्ठं तुम्ही शिकाडेल शे, तसंच. चालूच करीसन देखू दिधं नही."

"अशी नकल यानाआधी कितला डाव करी?"

"एकलानी पहिलीच. बाकी बठ्ठा गिऱ्हाइकं नवाच कॉम्प्युटर लेतस. त्यामा एकच डिस्क." एकट्यानं केलेली ही पहिलीच, म्हणून रुपचंदनं जुन्या आठवून मोजल्या. "आपला दुकानमा दोन-तीन डाव करी व्हती ना, तुम्ही अन् मी."

अभिमन वळून गोदामाच्या दाराशी गेला, कारण त्याला आपला चेहरा दाखवायचा नव्हता.

यंत्रात एकच डिस्क असली, की विभाग पाडतानाच तो आपोआप चालू विभाग ठरतो, म्हणजे यंत्र ज्याच्यावरून सुरू होतं तो. वेगळं काही करावं लागत नाही. पण दुसऱ्या नंबरवर जोडलेल्या डिस्कला तो मान देताच येत नाही. जुनी बाजूला व्हावी लागते, नवी तिच्या जागी यावी लागते, मग फ्लॉपी घालून, एक आकडा दाबून सांगावं लागतं, की यापुढे तू पहिली. एवढी एकच पायरी. ती राहिली तर डिस्क गच्च भरलेली असूनही यंत्र म्हणतं, नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड. कोरी डिस्क असली तरी हेच म्हणतं. अभिमनला ती ओळ पाहताक्षणी दोन्ही कारणं सुचली होती. आता पहिलंच खरं, हे त्याला कळून चुकलं.

आणि चार वर्षं शिकलेल्या रुपचंदला नेमकी हीच पायरी का माहीत नव्हती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

५

"मला यंत्रापाशी एकट्याला बसू द्या," अभिमन नानांना म्हणाला. "दार लावून घ्या."

तो खुर्चीत बसला आणि त्याला आग्रा रोडवरच्या दुकानातल्या त्या दुपारी आठवल्या. जुनी डिस्क काढून झाली, नवी तिच्या जागी बसली, की तो दरवेळी म्हणायचा, "रुपचंद, दोन चहा सांगून ये. चांगला उकळू दे म्हणावं, घाई नाही." रुपचंद चहा घेऊन यायचा तोवर पडदा सुरू झालेला असायचा. ही युक्ती त्याची स्वतःची नव्हती. रेडिओच्या दिवसांत त्याच्या उस्तादानं त्यालाही एक गोष्ट शिकवली नव्हती, आणि ती हाती लागायला त्याला तीन वर्षं लागली होती. उस्ताद म्हणायचा, सगळं शिकव, एक राखून ठेव. नाहीतर शागीर्द उद्या तुझ्याच समोर दुकान घालेल. अभिमननं राखून ठेवलं. रुपचंदनं दुकान तरीही घातलं.

त्यानं फ्लॉपी घालून यंत्र चालू केलं. यंत्र जागं झालं. डिस्कवरच्या फायली मागितल्या, तर यादी भराभर वर सरकत गेली आणि पडदा भरून गेला. पाळीपत्रक, सभासद, बागा, सगळं जागेवर. गाडी भरलेली होती, बैल जुंपलेले होते, फक्त कासरा धरायला कोणी बसलं नव्हतं.

मग त्यानं विभागांचं कोष्टक उघडलं. खाली सूचना होती, की कोणताही विभाग चालू नाही. वर चार पर्याय. दोन दाबलं, की विभाग चालू. तीन दाबलं, की विभागच नाहीसा, आणि त्याच्याबरोबर सगळ्या फायलीही.

दोन आणि तीन. कीबोर्डवर एकमेकांना खेटून.

दार बंद होतं. तीन दाबून तो बाहेर जाऊन म्हणाला असता, नाना, कोरी आहे, तर त्याला खोटं पाडणारा माणूस अख्ख्या खान्देशात नव्हता. कोपऱ्यातली जुनी डिस्क संध्याकाळी सापडली असती आणि सोसायटीचं काम भागलं असतं. पण रुपचंदचं नाव तोवर पोलिसात गेलं असतं. पाटी उतरली असती. सोनगीरला लोकांनी विचारलं असतं, "अभिमनभाऊ, तुमचं कसं काय चाललंय?"

त्याला ते हवं होतं.

त्यानं तीन दाबलं.

यंत्र असल्या कामात सहजासहजी हो म्हणत नाही. त्यानं आधी कोणता विभाग ते विचारलं. अभिमननं एक दाबला. मग यंत्रानं शेवटची खात्री मागितली: पुसायच्या डिस्कचं नाव टाईप करा. नाव वरच्या रांगेत दिसत होतं, इंग्रजी पाच अक्षरं.

कुंदा.

आधी त्याला संतापच आला. ह्यानं माझ्या बायकोचं नाव का लावावं? जळगावात स्वतःची पाटी लावणाऱ्याला स्वतःचं नाव नव्हतं का? मग त्याच्या लक्षात आलं, की रुपचंदनं काहीच लावलेलं नव्हतं. त्याला जसं शिकवलं, तसंच त्यानं केलं होतं. एकही पायरी गाळली नव्हती, एकही स्वतःची घातली नव्हती. अडीच वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक डिस्कवर, जळगावात, भुसावळात, रतिलालशेठच्या पेढीवरसुद्धा, ज्या घरानं त्याला जेवू घातलं त्याच घराचं नाव असणार. आणि पुसायचं तर ती पाच अक्षरं अभिमनला स्वतःच्या बोटांनी टाईप करायची होती.

मग त्यानं एस्केप दाबला, पुन्हा एकदा दाबला, आणि मूळ चार पर्यायांपाशी आला. दोन मात्र त्यानं दाबलं नाही. यंत्र तसंच ठेवून तो उठला आणि दार उघडलं.

६

साडेतीन वाजले होते. सगळे आत आले. रुपचंद मागे, दाराला टेकून उभा राहिला.

"नाना, आधी चोरीचं," अभिमन म्हणाला. "चोरी झालीच नाही. चोर पुडकं सोडून कागदाची घडी घालत बसत नाही. रद्दीचा गठ्ठा बघा, आणि टेबलावरचा कागद बघा. घडी एकाच हातची आहे."

सगळ्यांनी बेबाबाईकडे पाहिलं. तिनं पदर सावरला.

"त्यांनी चोरी नाही केली. त्यांनी पूजा मांडली. जेवढी हत्यारं, तेवढी सगळी. नवी पण, म्हातारी पण. सहा वर्षं या ऑफिसात राबलेलं एक हत्यार काल टेबलावर कागदात पडलं होतं. कापड झाकायच्या आधी ते पाटावर जायला नको होतं का?"

"पण पाळी छापल्याशिवाय पूजा…" तोतारामआबांनी सुरुवात केली.

"आबा, पाळी छापत नाही म्हणून पूजा हलत नाही, आणि पूजा हलत नाही म्हणून डिस्क दिसत नाही. असे सकाळपासून आपण सगळे गोल फिरतोय. पाळी पाच मिनिटांत छापून होईल, शब्द देतो. नाना, अक्षता टाका."

नानांनी टोपी नीट केली आणि पाटावर अक्षता टाकल्या. लाल कापड उचललं. विळ्यांच्या पुढे, मापांच्याही पुढे, सगळ्यात मानाच्या जागी जुनी डिस्क होती. तिच्यावर कुंकवाचं बोट आणि एक झेंडूचं फूल.

"अगं बाई, सकाळपासून बोलली का नाहीस?" लताबाई म्हणाल्या.

"मले कोनी इचारलं?" बेबाबाई म्हणाली.

नानांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग ते रुपचंदकडे वळले. "बरं, चोरी नाही. पण नवी चालत नाही ही तर याचीच चूक. उद्या ऐन हंगामात असं झालं तर? बोरसेभाऊ, हे काम आता तुम्हीच घ्या."

हेच वाक्य ऐकायला अभिमन बसमध्ये बसला होता. पारोळ्यापासून त्यानं ते कितीदा तरी मनात ऐकलं होतं. आताही ते गोडच लागलं.

"नवीवर सगळं आहे," तो म्हणाला. "एक पायरी तेवढी राहिली आहे. ती त्याला येत नाही, कारण मी शिकवली नाही."

"विसरलात?"

"नाही. राखून ठेवली. माझ्या पुढे जाऊ नये म्हणून."

तोतारामआबांनी हळूच मान हलवली. ते दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"काम त्याचं आहे, त्यालाच करू द्या," अभिमन म्हणाला आणि रुपचंदला खुर्चीकडे बोलावलं. "ये. बस आठे."

रुपचंद बसला. पडद्यावरचे चार पर्याय त्यानं वाचले, खालची सूचना वाचली. त्याची मान हळूहळू वर आली.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "म्हनीसन तुम्ही माले चहाले धाडेत का तवय?"

"हा."

रुपचंदनं कीबोर्ड जवळ ओढला. रागावला असता तर बरं झालं असतं, अभिमनला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. जळत तर अजूनही होतंच. मोटरसायकल बाहेर उभी होती, चांगली लाल होती, आणि ती पाहिल्यावर उद्याही त्याच्या पोटात दुखणार होतं. पण आज त्याच्याकडे राखून ठेवलेलं काही उरलं नव्हतं.

"दोन दाब. मंग विभाग इचारी, एक दाब. मंग फ्लॉपी काढीसन पुन्हा चालू कर," तो म्हणाला. "मी चहा सांगीसन येस."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. समोर आपट्याची पानं विकणारे बसले होते, मेहरूणच्या रस्त्यावर नवे कपडे घातलेली माणसं निघाली होती. अभिमननं दोन चहा सांगितले. मग आठवण झाली तसं वाढवून सहा सांगितले; नाना, आबा, लताबाई आणि बेबाबाईही होत्या.

चहावाल्यानं पातेलं उतरवायला सांडशी हातात घेतली, तेवढ्यात पलीकडून उघड्या खिडकीतून प्रिंटरचा आवाज सुरू झाला.

"उतरवू का भाऊ?" चहावाल्यानं विचारलं.

"राहू दे," अभिमन म्हणाला. "चांगला उकळू दे. घाई नाही."